अंगणातील चेरी टोमॅटो आणि श्रावकाची जयणा

मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालेला रस्ता टोकावडे मागे टाकून वैशाखरे गावाशी येतो, तेव्हा समोर नाणेघाटाची भिंत उभी राहते. कल्याण व सोपारा या बंदरांतील माल सातवाहनांच्या काळी याच घाटवाटेने जुन्नरला चढत असे. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि त्यातील अंकचिन्हे भारतातील प्राचीनतम अंकांत गणली जातात. व्यापारी कुलांना या वाटेविषयी आपुलकी वाटावी, याला एवढे कारण पुरेसे आहे. आज शेजारच्या माळशेज घाटातून वाहने ये-जा करतात आणि जुन्नर-नारायणगाव भागातील टोमॅटो त्या वाटेने कोकणात उतरतो. असे असताना घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याने कुंडीत टोमॅटो का लावावा? बाजारातील फळावर कोणती औषधे किती वेळा फवारली गेली, हे ग्राहकाला कळत नाही. आपल्या अंगणातील फळाचा हिशेब मात्र आपल्या हाती असतो. हाच त्याचा खरा लाभ होय.

व्रत आणि ऋतू यांचा मेळ

चेरी टोमॅटो ही टोमॅटोचीच लहान फळांची जात. तिचे मूळ दक्षिण अमेरिकेतले. या वेलीला ऊन हवे, परंतु पानांवर सतत पाणी राहिलेले चालत नाही. वैशाखऱ्यासारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावी आषाढ-श्रावणात पाऊस थांबत नाही. त्या दिवसांत लावलेल्या रोपावर करपा पडतो आणि मुळे कुजतात. आपल्याकडे चातुर्मासात हिरव्या भाज्यांचा त्याग व आरंभाचा संकोच सांगितला आहे, कारण याच काळात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती सर्वाधिक असते. म्हणजे व्रत जे सांगते तेच येथील ऋतूही सांगतो.

कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते. त्याच सुमारास मुरबाड-शहापूरकडील भातकापणी उरकत आलेली असते. बी पेरण्याचा योग्य समय तोच. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. साधारण आठवड्यात अंकुर दिसतो. चार-पाच खरी पाने आली, म्हणजे पंचवीस ते तीस दिवसांनी, रोप मोठ्या कुंडीत हलवावे. तेथून सुमारे दोन महिन्यांत पहिली फळे पिकतात. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की फुले गळू लागतात. म्हणून पेरणी पौषापर्यंत लांबवू नये.

कुंडी, माती, पाणी

एका रोपास १५ ते २० लिटर माती मावेल अशी कुंडी आणि दिवसातून किमान सहा तास ऊन लागते. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत व एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा हे मिश्रण चांगले. रोप लावताना खालच्या पानांपर्यंतचे खोड मातीत जाऊ द्यावे, कारण त्या भागालाही मुळे फुटतात. पाच-सहा फूट उंचीची काठी आरंभीच रोवावी. मागाहून रोवल्यास मुळांना इजा होते.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष हवे. रोपवाटिकांत मिळणाऱ्या तयार खतमिश्रणात पुष्कळदा बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा असतो. परदेशी पुस्तके अंड्यांची टरफले आणि माशांचे खतही सुचवितात. श्रावकाच्या अंगणात यांना स्थान नाही. पिशवीवरील घटक वाचूनच खत घ्यावे. फळाचा तळ काळा पडतो तेव्हा कॅल्शियमसाठी टरफले घालण्याचा सल्ला दिला जातो. परंतु त्याचे मुख्य कारण बहुधा पाण्याची अनियमितता हे असते. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी, असे झाले की फळ तडकते किंवा तळाशी काळे पडते. सूर्योदयानंतर, गाळलेले पाणी, रोज थोडे आणि मुळाशीच द्यावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. त्यात जीवोत्पत्ती होते.

किडीचे काय करावे?

खरी कसोटी येथे आहे. पांढरी माशी पानांतील रस शोषते आणि पाने आकसविणाऱ्या विषाणूचा प्रसार करते. रासायनिक फवारणी आपण टाळतोच. पण पिवळे चिकट सापळे 'सेंद्रिय' म्हणून विकले जातात आणि त्यांवर शेकडो जीव तडफडून मरतात. 'सेंद्रिय' म्हणजे 'अहिंसक' नव्हे. मारण्यापेक्षा येऊ न देणे हाच मार्ग. रोप लहान असतानाच त्यावर बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी तंबूसारखी घालावी. टोमॅटोचे परागीभवन त्याच फुलात होते. म्हणून जाळीतही फळ धरते. सकाळी फुलांचे घोस हलकेच हलविले की पुरे. रोगट पान दिसताच ते दूर करावे, म्हणजे पुढे मोठ्या उपायांची वेळ येत नाही. बगलफुटीही जरूर तेवढ्याच काढाव्यात. दोन फांद्या ठेवून वेल वाढविली तर छाटणी कमी लागते.

वनस्पती हाही एकेंद्रिय जीव आहे. तेव्हा बागकाम हिंसामुक्त आहे, असे म्हणता येत नाही. शास्त्रात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार भेद केले आहेत. गृहस्थाकडून आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही. संकल्पी हिंसा मात्र त्याने सोडलीच पाहिजे. चालणे, बसणे, निजणे, खाणे, बोलणे या प्रत्येक क्रियेत जयणा असावी, असे दशवैकालिक सूत्र सांगते. कुंडीला पाणी घालणे ही त्याच यादीत बसणारी क्रिया आहे.

ज्यांनी बहुबीज फळांचा त्याग केला आहे, त्यांच्या नियमास ही लागवड बाधक होऊ नये. घरातील इतरांसाठी फळे तोडतानाही द्वितीया, पंचमी, अष्टमी, एकादशी व चतुर्दशी या तिथी पाळाव्यात. पाणी नियमित असेल तर पिकलेले फळ वेलीवर एक-दोन दिवस सहज टिकते. नातवंडांना तिथी शिकविण्यास ही वेलही उपयोगी पडते. लाल झालेले फळ समोर असूनही आज अष्टमी म्हणून ते उद्यापर्यंत ठेवायचे, हे त्यांना पुस्तकाहून लवकर उमगते.