समुद्र लांब, भिंत जवळ

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्राचा तळ हलला आणि त्या त्सुनामीत एकट्या भारतात दहा हजारांवर माणसं दगावली. आणखी पाच हजारांवर बेपत्ता झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली, तेव्हाही मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. पहिला भूकंप ९.१ तीव्रतेचा, दुसरा साधारण ६.२ चा. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. या हिशेबाने सुमात्राचा भूकंप किल्लारीच्या वीस हजार पटींहून मोठा भरतो. यावर कुणी म्हणेल, सुमात्रा आपल्या किनाऱ्यापासून दूर आणि किल्लारीचं केंद्र थेट गावांखाली, तेव्हा ही तुलनाच चुकीची. आक्षेप रास्त आहे. मग दुसरी तुलना घेऊ. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, जानेवारी १९९४ मध्ये, लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागाखाली ६.७ चा भूकंप झाला. तोही पहाटेचा, तोही भरवस्तीखाली. मृत्यू शंभराच्या आत राहिले. म्हणजे किती माणसं मरणार हे एकट्या भूकंपाच्या आकड्यावर ठरत नाही. माणसं कशाखाली झोपली आहेत, यावर त्याहून जास्त ठरतं.

हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याहून समुद्र साडेचारशे किलोमीटर लांब आहे. त्सुनामीचं पाणी इथे येणार नाही. तिला जन्म देणारा भारतीय भूपट्ट मात्र डोंगरकड्याच्याही खाली आहे. हा भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर उत्तर-ईशान्येकडे सरकतो. त्याची पूर्वेकडची कड अंदमान-सुमात्राच्या पट्ट्यात शेजारच्या भूपट्टाखाली घुसते. तिथे शतकानुशतकं साठलेला ताण २००४ साली सुमारे १,३०० किलोमीटर लांबीवर एकदम सुटला. तळ वर उचलला गेला आणि त्यासोबत वरचं सगळं पाणी. खोल समुद्रात अशी लाट विमानाच्या वेगाने धावते आणि बोटीतल्या माणसाला जाणवतही नाही. किनाऱ्याशी उथळ पाण्यात वेग घटतो, तशी उंची चढते. भूपट्टाच्या कडांवरचा हा रेटा आतल्या खडकालाही सोसावा लागतो आणि जिथे जुनी भेग कमकुवत असेल तिथे तो खडक सरकतो. किल्लारीत हेच झालं. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात काही वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी दहा-बारा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ चे धक्के बसले, आणि १० जुलैला पुन्हा ४.५ चा. त्याचं केंद्र रामेश्वर तांडा, म्हणजे डोंगरकड्याच्याच कळमनुरी तालुक्यात.

लहान धक्क्यांनी ताण निघून जातो, मोठा भूकंप टळतो, असं पारावर हमखास ऐकू येतं. गणित तसं सांगत नाही: ६.२ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघायला ४.५ चे साडेतीनशेच्या वर धक्के लागतील. आपल्याकडे काळा पाषाण आहे, काही होत नाही, हा दुसरा दिलासा. किल्लारीही काळ्या पाषाणावरच आहे, आणि १९९३ पूर्वीच्या भूकंप नकाशात ती सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. तिथेही १९९२ पासून धक्के बसत होते. अर्थात, हिंगोलीचं किल्लारी होणारच असं यातून मुळीच सिद्ध होत नाही. भूकंपाची तारीख आज कुणीच सांगू शकत नाही. जो सांगतो, त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

किल्लारीत माणसं मारली ती भिंतींनी. दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही रुंद भिंत. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आडवा दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. वर लाकडी सऱ्यांवर मातीचं जाड माळवद, उन्हाळ्यात घर थंड ठेवणारं. धक्का बसला की दोन थर एकमेकांपासून सुटतात, पोटातली माती निसटते आणि माळवद खाली झोपलेल्यांवर येतं. गणपती विसर्जन करून गाव गाढ झोपेत होतं. यावर उपाय त्याच वर्षीच्या भारतीय मानक १३८२८ मध्ये लिहिलेला आहे: भिंत दीड फुटाहून रुंद नको, दर दोन फूट उंचीवर आरपार दगड, आणि दारा-खिडक्यांच्या वरून घराला वेढणारा सलग पट्टा.

गरिबाने हे कुठून करायचं, हा प्रश्न खरा आहे. सगळं घर पाडून बांधणं परवडत नाही आणि तसा सल्ला देणं सोपं असतं. पण सगळीच कामं महाग नाहीत. मार्च २०२४ च्या धक्क्यांनंतर शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाने लोकांना पत्र्यांवर ठेवलेले दगड काढायला सांगितलं. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेला हाच दगड धक्क्यात आधी खाटेवर पडतो. किनाऱ्यावर हैदराबादच्या केंद्राकडून २००७ पासून त्सुनामीचा इशारा मिळतो, कारण लाट यायला वेळ लागतो. २००४ साली तमिळनाडूला सुमारे दोन तास होते, इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. घराखालचा भूकंप असा वेळ देत नाही. तेव्हा यंदा दिवाळीच्या रंगरंगोटीला हात घालण्याआधी पत्र्यावरचे दगड उतरवा, पत्रे हूक-बोल्टने पक्के करा, आणि जुन्या भिंतीला पोट आलं असेल तर गवंड्याला दाखवून तिच्याजवळची खाट आजच हलवा.