दोन थापाडे आणि रोमचा एक दिवस

परदेशात गेलेला माणूस प्रेमात पडतोच, यावर सिनेमावाल्यांची फार श्रद्धा. कुणाची गाडी चुकते, कुणाच्या बॅगांची अदलाबदल होते, कुणी रस्ता विचारायला थांबतं, आणि पुढच्या दोन तासांची गोष्ट प्रेक्षकाला आधीच पाठ असते. या पंगतीत मानाचं पान अजूनही विल्यम वायलरच्या ‘रोमन हॉलिडे’लाच मिळतं. १९५३चा कृष्णधवल चित्रपट, जेमतेम एका दिवसाची गोष्ट, आणि शेवटी लग्न नाही. तो इतकी वर्षं टिकला याचं श्रेय ऑड्री हेपबर्नच्या डोळ्यांना आणि रोमच्या उन्हाला दिलं जातं. ते त्यांना द्यावंच. पण माझ्या मते त्यातला मोठा वाटा थापांचा आहे. इथे नायक-नायिका दिवसभर एकमेकांना बेमालूम थापा मारतात, आणि प्रेमाची परीक्षा होते ती शेवटी तोंड कोण बंद ठेवतं यावर.

खोटं बोल, पण रेटून बोल

युरोपच्या राजधान्यांच्या दौऱ्यावर निघालेली राजकन्या ॲन रोमला पोहोचते. तिचा देश कोणता, हे चित्रपट कधीच सांगत नाही. सुरुवातीच्या स्वागत समारंभातच तिची अवस्था कळते. पाहुण्यांची रांग संपता संपत नाही. घोळदार झग्याखाली ती अवघडलेला पाय बुटातून हळूच बाहेर काढते, बूट कलंडतो आणि तो परत पायात चढवण्याची धडपड सुरू होते. वर चेहरा हसतमुख, खाली पायाची शोधाशोध. संवादाचा एक शब्द खर्च न करता वायलरने मुलीचा सगळा जाच सांगून टाकला.

रात्री ती रडूनओरडून थैमान घालते, तेव्हा डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतात. औषधाचा अंमल चढायच्या आत ती सामानाच्या गाडीत लपून पळते आणि रस्त्याकडेच्या एका कठड्यावर झोपी जातेय, तेवढ्यात जो ब्रॅडली या अमेरिकन बातमीदाराच्या नजरेस पडते. तिने दारू ढोसली असावी अशी त्याची समजूत. नाइलाजाने तो तिला आपल्या खोलीवर आणतो. सकाळी राजकन्येची मुलाखत घ्यायची होती, ती झोपेत हुकते. तरीही साहेबासमोर ‘मुलाखत झोकात झाली’ असं तो ठोकून देतो. साहेब शांतपणे वर्तमानपत्र पुढे करतो. राजकन्या आजारी असल्याने सगळे कार्यक्रम रद्द, आणि शेजारी तिचा फोटो. आपल्या पलंगावर कोण घोरतंय, हे जोला त्या क्षणी कळतं.

मग दोघांचीही गाडी सुसाट सुटते. ती सांगते, मी शाळेतून पळून आलेय. तो सांगतो, मी खतांचा आणि रसायनांचा धंदा करतो. प्रत्यक्षात त्याने साहेबाकडून या बातमीसाठी पाच हजार डॉलर कबूल करून घेतलेत, वर पाचशेची पैजही लावलीय. त्याचा मित्र अर्व्हिंग सिगारेट पेटवायच्या लायटरमध्ये दडवलेल्या कॅमेऱ्याने तिचे फोटो काढतोय. व्हेस्पावरून शहरभर धुमाकूळ घातल्यावर तिघांची वरात पोलीस चौकीत जाते, तेव्हा सुटकेसाठी आणखी एक थाप: आम्ही दोघं लग्न लावायलाच निघालो होतो!

सत्यमुखाच्या जबड्यात

या सगळ्या खोटेपणाची गाठ पडते सांता मारिया इन कॉस्मेदिन या जुन्या चर्चच्या ओसरीत. तिथे भिंतीला टेकवलेला संगमरवरी मुखवटा आहे, ‘बोक्का देल्ला वेरिता’, म्हणजे सत्याचं मुख. प्राचीन रोममध्ये ते बहुधा गटारावरचं झाकण असावं. आख्यायिका अशी की, खोटं बोलणाऱ्याने यात हात घातला तर तो तुटतो. जो ही गोष्ट सांगून तिला हात घालायला लावतो. ती हात पुढे नेते, बोटं कडेपर्यंत पोहोचतात, आणि ती मागे घेते. मग त्यालाच म्हणते, आता तुम्ही. तोही क्षणभर कचरतो. नंतर हात आत घालतो, किंचाळतो आणि बाहेर काढतो तर बाहीतून पंजा गायब.

ग्रेगरी पेकने हात बाहीत ओढून घेतला होता. ही युक्ती त्याने रेड स्केल्टन या विनोदी नटाकडून उचलली होती आणि हेपबर्नला तिचा पत्ता लागू दिला नव्हता. तिची किंकाळी खरी आहे, त्यानंतरचं हसणंही खरं आहे. एकेका दृश्याच्या असंख्य टेकसाठी कुप्रसिद्ध असलेला वायलर इथे पहिल्याच टेकवर खूश झाला. दोन खोटारड्यांना सत्याच्या तोंडाशी उभं करायचं आणि प्रेक्षकाला मात्र मनमुराद हसवायचं, हा या चित्रपटाचा कळसाध्याय.

ज्याचं नाव नव्हतं तो लेखक

खरी गंमत पडद्यामागे आहे. ओळख लपवणाऱ्या माणसांची ही कथा ज्याने लिहिली, त्यालाच स्वतःची ओळख लपवावी लागली होती. १९४७ साली अमेरिकी संसदेच्या समितीने हॉलिवूडमधले कम्युनिस्ट शोधायला घेतले. साक्षीला बोलावलेल्यांनी स्वतःबद्दल सांगावं, पुढे तर मित्रांची नावंही द्यावीत, अशी अपेक्षा असे. डाल्टन ट्रम्बोसह दहा जणांनी उत्तर द्यायला नकार दिला. ट्रम्बो तुरुंगात गेला, आणि काळ्या यादीत नाव चढल्याने उघडपणे काम मिळणं बंद झालं. ‘रोमन हॉलिडे’ची कथा त्याने मित्राच्या, इयन मॅक्लेलन हंटरच्या, नावावर विकली. पटकथेवर हंटर आणि जॉन डायटन यांची नावं लागली, सर्वोत्कृष्ट कथेचं ऑस्करही हंटरलाच मिळालं. पुढे हंटर स्वतःही काळ्या यादीत गेला. ट्रम्बो १९७६ साली वारला. त्याच्या हक्काचं ऑस्कर त्याच्या पत्नीच्या हाती पडायला १९९३ उजाडलं, आणि लेखक संघाने श्रेयनामावलीत त्याचं नाव रीतसर घातलं ते २०११मध्ये.

हे कळल्यावर चित्रपटाचा शेवट वेगळाच दिसू लागतो. जोच्या हातात सनसनाटी बातमी आहे, अर्व्हिंगकडे फोटो आहेत, साहेब दारात पैसे घेऊन उभा आहे. आणि जो सांगतो, माझ्याकडे काही नाही. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर आलेल्या ॲनला तो रांगेत दिसतो. सगळ्यांसमक्ष, सरकारी थाटाच्या दोन वाक्यांत, तो तिला तिच्या विश्वासाला तडा जाणार नाही एवढं कळवतो. अर्व्हिंग फोटोंचं पाकीट रोमची आठवण म्हणून तिच्या हाती ठेवतो. माणसाची चहाडी करून पैसा आणि नोकरी टिकवता येते, अशा दिवसांत लिहिलेली ही कथा आहे. ट्रम्बोला ते मुद्दाम सुचवायचं होतं की नाही, हा वाद अभ्यासकांनी घालावा. मला तरी तो धागा नजरेआड करता येत नाही.

अडकलेला पैसा, मोकळं शहर

चित्रपट रोममध्येच का घडला, याला एक रोकडं कारणही आहे. युद्धानंतर डबघाईला आलेले युरोपीय देश हॉलिवूडच्या कंपन्यांना तिथली सगळी कमाई बाहेर नेऊ देत नसत. पॅरामाउंटचा लिरांतला पैसा इटलीत अडकून होता; तो तिथेच खर्च करणं शहाणपणाचं. वायलरला स्टुडिओत उभारलेलं रोम नको होतंच. खर्चाला कात्री म्हणून रंग गेला, पण शहर मिळालं. १९५२च्या उन्हाळ्यात, बघ्यांच्या गर्दीतून वाट काढत चित्रीकरण झालं आणि संपूर्ण चित्रपट रोममध्येच घेतल्याचं श्रेयनामावलीत ठसठशीत छापलं गेलं. जोची खोली व्हिया मारगुत्तावरची, आइस्क्रीम स्पॅनिश पायऱ्यांवरचं, अंगरक्षकाच्या टाळक्यात गिटार हाणली जाते ती कास्तेल सांतांजेलोखाली, तिबर नदीतल्या तराफ्यावर. शेवटची पत्रकार परिषद पालात्झो कोलोन्नाच्या दालनात. आज तिथे जाऊन ॲनची नक्कल करायची म्हटली तर मात्र खिसा सांभाळावा लागेल: २०१९पासून स्पॅनिश पायऱ्यांवर बसायलाही दंड आहे.

हेपबर्न तेव्हा जवळपास अनोळखी होती. युद्धकाळ तिने जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये काढला, उपासमार सोसली. सप्टेंबर १९५१मध्ये लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत तिची चाचणी झाली. ‘कट’ म्हटल्यावरही कॅमेरा चालू ठेवा, अशी वायलरची सूचना होती. दृश्य संपलं असं समजून ती पलंगावर ऐसपैस बसली, हसली, कसं झालं म्हणून विचारू लागली. आणि तिथेच तिची निवड पक्की झाली. पेकच्या करारानुसार नाव एकट्याचंच वर झळकायचं होतं. ही मुलगी ऑस्कर घेऊन जाणार, माझं हसं होईल, असं म्हणून त्याने तिचं नाव आपल्या बरोबरीने लावायला सांगितलं. भाकीत खरं ठरलं.

‘चोरी चोरी’शी नातं

मराठी प्रेक्षकाला ही कथा ओळखीची वाटते याचं कारण घरातच आहे. ‘रोमन हॉलिडे’ आधी फ्रँक काप्रा करणार होता. कॅरी ग्रांट आणि एलिझाबेथ टेलर त्याच्या मनात होते. याच काप्राच्या १९३४च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’वर राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि पुढे ‘दिल है कि मानता नहीं’ (१९९१) बेतले. तिथेही पळालेली बड्या घरची लेक आणि बातमीवर डोळा ठेवून असलेला पत्रकार. फरक शेवटाचा. काप्राच्या घराण्यात बाप विरघळतो आणि वाजंत्री वाजते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’नेही (१९९५) युरोपच्या रेल्वेत जमलेलं प्रेम बापाच्या होकारासाठी पंजाबात आणलंच. वायलर मात्र ॲनला परत गादीकडे धाडतो, तेही तिच्या स्वतःच्या निर्णयाने. रात्री परतलेली ॲन दरबाऱ्यांना ज्या सुरात गप्प करते, तो सूर आदल्या दिवशीच्या मुलीपाशी नव्हता. तिच्या खऱ्या वारसदारणी पाहायच्या तर ‘क्वीन’मधली (२०१४) राणी आठवा: एकटीच पॅरिस-ॲम्स्टरडॅमला जाऊन आलेली आणि परतल्यावर नवऱ्यामुलाची अंगठी परत करणारी.

गोड शेवट पाहिजेच असेल, तर तो पेकला मिळाला. रोमच्या चित्रीकरणाला जाताना पॅरिसमध्ये व्हेरोनिक पासानी नावाच्या तरुण फ्रेंच पत्रकाराने त्याची मुलाखत घेतली. १९५५च्या शेवटच्या दिवशी त्यांनी लग्न केलं आणि २००३मध्ये पेक जाईपर्यंत संसार केला. परदेशात बातमीदाराने प्रसिद्ध माणसाला गाठावं आणि प्रेमात पडावं, हे पडद्यावर फसलं आणि घरात जमलं.

जो ब्रॅडलीचा हिशेब मांडला तर तो पार बुडालेला दिसतो. बातमीचे पाच हजार गेले, पैजेचे पाचशे पगारातून हप्त्याने कापले जाणार, न्यूयॉर्कला परतायचं स्वप्न लांबलं आणि मुलगीही गेली. तरी चित्रपट पाहून उठणारा माणूस खिन्न होत नाही. दिवसभर थापा मारणाऱ्या माणसाने दिलेला एकमेव शब्द त्याने पाळलेला असतो, आणि प्रेमकथेला एवढा शेवट पुरतो, हे हॉलिवूडला निदान एकदा तरी पटलं होतं.