रानातला वास, गावातलं नाव

मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला दुष्काळ, तूर आणि टँकर आठवतो. सुगंध कुणाला आठवत नाही. पण नांदेड-लातूरच्या माळावर, ओढ्याकाठी आणि किनवट-माहूरच्या जंगलात वासाच्या वनस्पती भरपूर आहेत. हॉस्टेलमधले आपण बरेचजण खेड्यातून आलेलो. त्या आपण पाहिल्या आहेत, तुडवल्या आहेत, त्यांचा पाला उकळून आंघोळही केली आहे. नावं मात्र विचारली तर आपली गाडी तुळशीपुढे जात नाही. मित्रांनो, इथंच खरी अडचण आहे. झाडाचा उपयोग त्याच्या नावाला चिकटलेला असतो. नाव विसरलं की उपयोगही विसरतो, आणि नावात घोटाळा झाला तर भलताच पाला पोटात जातो.

आपला भाग भाषांच्या सीमेवरचा. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, आणि दखनी तर सगळीकडेच. म्हणून एका झाडाला तीन-चार नावं सहज मिळतात. मेसच्या वरणातला कढीपत्ताच घ्या. जंगलातही तो आपोआप उगवतो. मराठीत तो गोडलिंब किंवा कढीलिंब. तेलुगूत करिवेपाकु, त्यातलं ‘वेप’ म्हणजे कडुलिंब आणि ‘आकु’ म्हणजे पान. कन्नडात करिबेवु, त्यातला ‘बेवु’ म्हणजेही कडुलिंबच. हिंदी-उर्दूत मीठा नीम. भाषा चार, पण सगळ्यांना त्याच्या पानात लिंबाचंच पान दिसलं! वनस्पतिशास्त्र मात्र त्याला कडुलिंबाच्या नाही, तर लिंबू-संत्र्याच्या कुळात बसवतं.

निर्गुडीचंही तसंच. आमच्याकडे कुणी निर्गुडी म्हणतं, कुणी निंगुडी. तेलुगूत ती वाविली, कन्नडात लक्की, हिंदीत सम्हालू. ओढ्याकाठचं हे झुडूप ओळखायला सोपं: एका देठावर बहुधा पाच पानं, खालून पांढुरकी, आणि चुरगाळली की उग्र वास. सांधे दुखले की पाला गरम करून शेकायचं, बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यात घालायचा, डासांसाठी त्याचा धूर करायचा आणि जवारीला कीड लागू नये म्हणून वाळलेला पाला कणगीत टाकायचा. माझी आजी हा पाला सावलीतच वाळवायची. उन्हात का नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही. कारण आपल्या केमिस्ट्रीत सापडतं. वासाचं तेल उडून जाणारं असतं. ऊन जास्त, तेवढं तेल कमी.

शेतकऱ्याचा शत्रू लव्हाळा सगळ्यांना माहीत आहे. हरळी, कुंदा आणि लव्हाळा या तिघांनी वावर धरलं की सोडत नाहीत. पण याच लव्हाळ्याच्या काळ्या सुवासिक गाठी मोथा म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात विकल्या जातात, आणि त्याचाच भाऊबंद नागरमोथा दिवाळीच्या उटण्यात पडतो. शेतात शिवी, दुकानात पैसे!

वाळ्याची मुळं माठात टाकतात, त्यांचे पडदे विणून दारा-खिडक्यांना लावतात आणि त्यावर पाणी मारतात. आपल्या खोलीतल्या कूलरचा हा आजोबा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. गारवा त्या पाण्याचा, वास वाळ्याचा. आपली हवा कोरडी म्हणून हे इथं चालतं; मुंबईच्या दमट हवेत तेवढं जमत नाही.

जंगलाच्या बाजूला गेलं की रोशा गवत भेटतं. त्यालाच तिखाडी किंवा रोहिष म्हणतात. याचं तेल दुखऱ्या सांध्यांना चोळतात. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानापर्यंत जायचं, आणि तिथं गुलाबाच्या तेलात त्याची भेसळ व्हायची. दोन्हींत जिरॅनिऑल हा घटक आहे, म्हणून वास जुळतो. जिरॅनिऑल २३० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, मग साध्या भट्टीवर तेल निघतं कसं? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघांच्या बाष्पदाबांची बेरीज होते. ती हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण १०० अंशांच्या किंचित खालीच उकळू लागतं. भट्टीवाल्यांना हे सूत्र माहीत नव्हतं, पण काम त्याच सूत्रावर चालायचं.

आता घोटाळ्याकडे येऊ. ‘रानतुळस’ हे नाव निदान दोन झाडांना आहे. एक गुडघ्याएवढी, लहान पानांची, पांढऱ्या फुलांची. दुसरी माणसाएवढी वाढणारी, केसाळ पानांची, जांभळट फुलांची, रस्त्याकडेला आणि रेल्वेलाइनच्या बाजूनं माजलेली. पहिलीचं शास्त्रीय नाव ऑसिमम अमेरिकॅनम, पण ती मूळची आपल्याकडची आणि आफ्रिकेची. खरी अमेरिकेहून आलेली दुसरी, मेसोस्फेरम! दोघींचं बी पाण्यात सब्जासारखं फुगतं. मग आजीनं सांगितलेला रानतुळशीचा काढा कोणत्या रानतुळशीचा? नुसत्या नावावरून सांगता येत नाही. सुवासिक ते औषधी असंही समीकरण नाही. म्हणून झाडाची खात्री झाल्याशिवाय काढा घेऊ नका.

शास्त्रज्ञांनी आपलं काम केलेलं आहे. प्रा. व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९७९ साली निघाला. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे आपलं लातूर त्याच ग्रंथात आहे. पुढे १९९८ मध्ये त्यांचा सगळ्या मराठवाड्यावरचा ग्रंथ आला. पण प्रत्येक गावातलं नाव, प्रत्येक घरातला उपयोग एका माणसाला कसा गोळा करता येणार? ते आपल्याच घरात आहे, आणि सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीची आहेत.

म्हणून एवढंच सुचवतो. या सुट्टीत घरी गेलात की एका म्हाताऱ्या माणसाबरोबर शिवारात फिरा. प्रत्येक झाडासाठी पाच गोष्टी लिहा: नाव, गाव, सांगणाऱ्याची बोली, कोणता भाग वापरतात आणि कशासाठी. फुलासकट एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि सुट्टी संपली की सोबत आणा. वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या सरांना ती दाखवली की कोणती रानतुळस ते कळेल. सर्व्हेचं सबमिशन आपण रात्रभर जागून करतोच. हा सर्व्हे त्यापेक्षा सोपा आहे, फक्त याची तारीख पुढे ढकलून मिळत नाही.