यॉटचा धंदा करताय? आधी बॅटरीची खातेवही उघडा



संध्याकाळी गेटवेसमोरच्या पाण्यात नजर टाका. शिडाच्या बोटी तासाच्या हिशेबाने फिरत असतात. कुणाचा वाढदिवस, कुणाचं लग्नासाठी विचारणं, कुठल्या ऑफिसची पार्टी. हे बघून आपल्यातले बरेच जण विचारतात, सेकंडहँड यॉट घेऊन उतरू का या धंद्यात? मग कर्जावर प्रश्न येतात, बुकिंगवर येतात, परवान्यांवर येतात. बॅटरीवर एकही येत नाही. आणि भर समुद्रात इंजिन सुरू झालं नाही, दिवे गेले, वायरलेस बंद पडला, तर बोटीवरच्या दहा पाहुण्यांना तुमचं इन्स्टाग्राम पेज काय वाचवणार?

म्हणून आज हिशेबच मांडू. यॉटवरची वीज म्हणजे रोख गल्ला. घरात कशी, मीटरमधून येते ती येतच राहते. बोटीवर जेवढी साठवली तेवढीच. आणि शिशाच्या साध्या बॅटरीवर २०० अँपिअर-तास लिहिलं असलं तरी त्यातले निम्मेच आपले समजायचे. अर्ध्याच्या खाली वरचेवर नेली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे खर्चायला १०० आहेत.

आता खर्च बघा. रात्रभर नांगरावर थांबायची ट्रिप धरू. फ्रिज चालू असताना साधारण ५ अँपिअर घेतो, पण दिवसाचा निम्मा वेळच चालतो, म्हणजे २४ तासांत ६०. नांगरावरचा पांढरा दिवा जुन्या २५ वॉटच्या बल्बचा असेल तर २ अँपिअर, बारा तासांचे २५ धरा. जीपीएस आणि वायरलेस मिळून १२. गाणी १५. बेरीज ११२. गेलात तोट्यात! तोच नांगरदिवा एलईडी केला की २५ चे अडीच होतात आणि बेरीज ९० च्या आत येते. एक बल्ब बदलला, बस्स. नवी बॅटरी घेण्याआधी हा कागद करा, कारण आपल्याकडे उत्पन्न वाढवायची घाई असते आणि गळती बघायचा कंटाळा.

जमेची बाजूही खरी लिहा. ६० अँपिअरचा अल्टरनेटर असला आणि इंजिन फक्त बाहेर पडताना नि परत येताना मिळून अर्धा तास चालवलं, तर कागदावरसुद्धा ३० च जमा होतात. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण बॅटरी भरत आली की करंट घेणं कमी करते. १०० वॉटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला २५ ते ३० देईल, शिडाची सावली पडली नाही तर. इन्व्हर्टर लावून कॉफी मशीन चालवायचं डोक्यात असेल तर लक्षात घ्या, १००० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर ८३ अँपिअर, वर इन्व्हर्टरची घट वेगळी. पाहुण्यांना थर्मासमधला चहा द्या, तोही आवडतो.

गल्ला दोन ठेवा. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी, फ्रिज-दिव्यांची वेगळी. गाण्यांनी एक रिकामी केली तरी दुसरी हात लावायची नाही. मल्टीमीटर तांडेलाच्या हाताशी हवा. काही तास विश्रांती घेतलेली बॅटरी १२.७ दाखवते तेव्हा भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. आणि एक सक्त नियम: इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच कधीही बंद करायचा नाही. अल्टरनेटरचे डायोड उडतात.

आता वायरिंग. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. १२ व्होल्टने शॉक बसत नाही, म्हणून लोक त्याला खेळणं समजतात. पण आग व्होल्टवर ठरत नाही. स्टार्टरला २०० अँपिअर जात असतात. टर्मिनलवर हिरवट पांढरी भुकटी साचून ओहमचा फक्त शंभरावा भाग इतका अडथळा तयार झाला, की तिथेच २ व्होल्ट खाल्ले जातात आणि ४०० वॉट उष्णता तयार होते. एका नटबोल्टाखाली! इंजिन कुरकुरतं, आपण बॅटरीला शिव्या घालतो, नवी आणतो, पुन्हा तेच.

घराचा वायरमन कामाचा माणूस असतो, पण त्याला बोटीवर एकट्याला सोडू नका. तो एकसंध तांब्याची जाड तार वापरेल, पिळून टेप मारेल. बोट सतत हादरते, ती तार वाकून वाकून तुटते, आणि टेपखाली खारं पाणी शिरून तांबं काळं पडतं. बोटीला बारीक तारांची, कथिलाचा मुलामा दिलेली केबल लागते. लग्ज चांगल्या क्रिंपिंग टूलने दाबलेली हवी, पक्कडीने नाही. आणि फ्यूज? फ्यूज उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो. तो बॅटरीपासून एका वितीच्या आत हवा. पार पॅनेलजवळ लावलात तर बॅटरी ते पॅनेल ही सगळी तार बेवारस राहिली.

तळाचं पाणी उपसणारा पंप मात्र मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह घ्या. नाहीतर संध्याकाळी सगळं बंद करून घरी गेलात की रात्री बोट पाणी भरत बसेल आणि पंप झोपलेला.

चार्जिंगबद्दल थोडं गंभीरपणे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला पहाटे आग लागली आणि खाली झोपलेली ३४ माणसं गेली. आगीचं नेमकं कारण शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, पण ज्या शक्यता तपासल्या गेल्या त्यांत कुणी लक्ष न ठेवता चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्याही होत्या. रात्री जागा पहारा नव्हता, हे मात्र तपासात स्पष्ट झालं. तेव्हा पाहुण्यांचे फोन, ड्रोन, कॅमेरे एका ठिकाणी, डोळ्यांसमोर चार्ज होऊ द्या. गादीवर नाही, उशीखाली नाही. आणि रात्रीच्या ट्रिपला एक माणूस जागा. त्याचा पगार धंद्याच्या खर्चात धरा.

शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो हलका असतो, म्हणून हवेची वाट पेटीच्या वरच्या बाजूला ठेवा. त्याच बॅटरीत समुद्राचं पाणी गेलं तर विषारी क्लोरीन होतो, तेव्हा ती तळात पाणी साचतं तिथे नकोच. लिथियम घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण जुन्या अल्टरनेटरला सरळ जोडू नका. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटरच जळतो. मध्ये योग्य चार्जर हवा.

मुंबईच्या बहुतेक यॉट मुरिंगला असतात, त्यामुळे किनाऱ्याची २३० व्होल्ट वीज बोटीवर येते ती बोट वर काढल्यावर, कामासाठी. तेव्हा ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असल्याशिवाय एक्स्टेन्शन ओढू देऊ नका. बोटीला थेट जोडायची केबल असेल तर आधी बोटीकडचं टोक, मग किनाऱ्याकडचं. काढताना उलट. जिवंत टोक हातात लोंबकळता कामा नये. पंख्याजवळचे जस्ताचे तुकडेही तेव्हाच बघा, निम्मे झिजले असतील तर बदला. एका हंगामाऐवजी महिन्याभरात झिजले असतील तर कुठूनतरी करंट पाण्यात गळतोय, आधी तो शोधा.

पावसाळ्यात कोळीवाड्यात होड्या शाकारतात तशी तुमची यॉटही शाकारा. बॅटऱ्या पूर्ण भरून, आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह काढून घरी न्या, महिन्यातून एकदा चार्ज करा. रिकामी बॅटरी तशीच पडू दिली की नारळी पौर्णिमेला ती मेलेली सापडते. परत बसवताना निगेटिव्ह शेवटी. मग किनाऱ्याजवळच तासभर सगळं एकदम चालू ठेवा, फ्रिज, दिवे, वायरलेस, सगळं. त्यानंतर १२ व्होल्टचा एकेक जोड हाताने चाचपा. गरम लागला तो जोड सैल किंवा गंजलेला. फक्त त्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याखाली अंगठी दोन टर्मिनलमध्ये अडकली तर ती क्षणात लालबुंद होते, आणि ती बोटातच असते.