टायमर लावणं सोपं, काढणं अवघड

लिनक्सच्या कर्नलमध्ये टायमर लावायला एखादी ओळ पुरते: अमुक वेळाने अमुक फंक्शन चालव. पाठवलेल्या पॅकेटची पोच आली नाही, डिस्क गप्प बसली, कीबोर्डवरचं बटण कुणी दाबून धरलं, सगळीकडे हीच सोय कामाला येते. भानगड सुरू होते ती लावलेला टायमर काढताना.

टायमरच्या मुळाशी असतो इंटरप्ट. हार्डवेअरमधलं घड्याळ ठोका देतं आणि प्रोसेसरला हातातलं काम टाकून धावावं लागतं. 1981च्या आयबीएम पीसीत असे सेकंदाला सुमारे 18.2 ठोके पडत. इंटेलच्या प्रोसेसरवर लिनक्स 100 ठोक्यांपासून निघालं आणि 2.6 मालिकेत 1000 वर गेलं. ठोका कधी पडेल यावर ड्रायव्हरचा, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या कोडचा, ताबा नाही. त्याने लॉक (सामायिक माहिती एका वेळी एकालाच वापरू देणारं कुलूप) घेतलेलं असताना त्याच प्रोसेसरवर टायमर उडाला आणि टायमरच्या फंक्शनलाही तेच लॉक हवं असेल, तर दोघंही कायमचे अडकतात. एमआयटीच्या एक्सव्ही6 या शिकाऊ ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात हा प्रसंग उदाहरण म्हणूनच दिला आहे. इलाज सरळ आहे: लॉक हातात असेपर्यंत त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद ठेवायचे.

प्रोसेसर एकाहून जास्त असले की हा इलाज तोकडा पडतो. एका प्रोसेसरवर ड्रायव्हर टायमर काढायला ‘डेल_टायमर’ (हे जुनं नाव) म्हणतो, तेव्हा दुसऱ्यावर टायमरचं फंक्शन आधीच धावत असू शकतं. रांगेत टायमर नाही, म्हणून ड्रायव्हर निर्धास्तपणे मेमरी मोकळी करतो आणि ते फंक्शन त्याच मेमरीत लिहीत राहतं. म्हणून ‘डेल_टायमर_सिंक’ आलं: चालू फंक्शन संपेपर्यंत ते थांबून राहतं.

तरीही एक फट राहिलीच. क्वालकॉमच्या ब्लूटूथ ड्रायव्हरमध्ये टायमर वर्कक्यूवर, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेवर, काम टाकायचा आणि ते काम पुन्हा टायमर लावायचं. आधी टायमर काढला तर शिल्लक काम तो परत लावणार. आधी वर्कक्यू मोडली तर टायमर त्या मोडलेल्या रांगेत काम टाकणार. यावर केलेली एक दुरुस्तीही चुकीचीच निघाली. कोंबडी आधी की अंडं आधी, असा हा घोळ कितीही सावधपणे क्रम लावला तरी सुटणारा नव्हता.

स्टीव्हन रॉस्टेड आणि थॉमस ग्लाइक्सनर या कर्नल विकसकांच्या कामातून फेब्रुवारी 2023मध्ये आलेल्या 6.2 आवृत्तीत ‘टायमर_शटडाउन_सिंक’ मिळालं. ते टायमरचं फंक्शनच काढून घेतं. नंतर कुणी तो लावू पाहिला तर कर्नल ती विनंती मुकाट्याने सोडून देतं. नवी सोय उशिरा आली हे खरं, पण ती रोगाच्या मुळावरच घाव घालते.

जुनं पथ्य मात्र सुटलेलं नाही. टायमरच्या फंक्शनला लागणारं लॉक स्वतःकडे ठेवून ‘टायमर_शटडाउन_सिंक’ची वाट पाहिली, तर पुन्हा तीच कोंडी. चाचणीसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये लॉकडेप हा तपासनीस अशा वेळी मशीन प्रत्यक्ष अडकण्याआधीच बोंब मारतो.