आजी नाचणीला मोड का आणते?

नवी मुंबईतल्या बोनकोडे गावातली आजी आणि समोरच्या टॉवरमधली नवी आई यांचं एका गोष्टीवर सहसा एकमत होतं: बाळाला सहा महिने झाले की नाचणीचं सत्त्व. आजी मात्र नाचणी भिजवते, मोड आणते, वाळवते आणि मगच दळते. हा खटाटोप उगाच नाही.

साध्या पिठाची पेज शिजताना फुगून घट्ट होते. पातळ करायला पाणी वाढवलं, तर बाळाचं इवलंसं पोट पाण्यानंच भरतं. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. पेज तापत असताना ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ घालूनही ती सरसरीत राहते. मोड आलेली नाचणी खरपूस भाजली, तर मात्र हे विकर निकामी होतं. घरोघरी नेमकी इथेच चूक होते.

नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम. लोहासाठी मात्र तिच्यावर विसंबू नये. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणून अंगावरचं दूध चालू ठेवून डाळ, अंडं, काटे नीट काढलेली मऊ मासळीही हवी. गावातल्या आगरी-कोळी स्वयंपाकघराला मासळीचं काय सांगायचं!

आणि मध? वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटभरही चाटवू नका. त्यातल्या बॉट्युलिझमच्या जिवाणूबीजांनी तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतं.