पाळण्याची दोरी आणि पोळपाट

पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून दोन्ही हातांनी पापड लाटणारी बाई आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी घरीच पाहिली असेल. दोरी थांबली की मूल उठते आणि लाटणे थांबले की कमाई बुडते. लहान मुलांच्या आईने घरबसल्या काही उद्योग करावा, असा उपदेश करणे फार सोपे असते. "दुपार तर मोकळीच असते ना?" असे विचारणाऱ्या गृहस्थांनी ती दुपार एकदा स्वतः काढून पाहावी, म्हणजे ती किती मोकळी असते ते त्यांना कळेल!

खरे म्हणजे प्रश्न फुरसतीचा नाही, व्यवस्थेचा आहे. कच्चा माल कोणी आणायचा, तयार माल कोणी विकायचा, पैसे केव्हा मिळायचे आणि तोवर मूल कोणी सांभाळायचे, या चार गोष्टींची सोय झाली तर असा उद्योग टिकतो. एरवी उत्साहाचे पहिले चार महिने सरले की पोळपाट पुन्हा फळीवर जातो.

आपल्या बडोद्यात या विषयाचा विचार फार पूर्वी सुरू झाला. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी एका सहलेखकासह १९११ साली स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. स्त्रियांना कोणकोणते व्यवसाय करता येतील, याचा त्यात सविस्तर विचार आहे. पुढे १९१४ साली त्यांच्या नावाचे स्त्री उद्योगालय शहरात सुरू झाले. स्त्रीच्या हाती कला यावी आणि त्या कलेचे चार पैसे व्हावेत, हा विचार तेव्हा नवाच होता. तथापि उद्योगालयात जायचे म्हणजे घराबाहेर पडायला हवे, आणि तान्ह्या मुलाच्या आईचे पाऊल नेमके उंबऱ्याशीच अडते.

या अडचणीवर एक तोड मुंबईत निघाली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेतले आणि इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. हेच पुढे 'लिज्जत' पापडाचे 'श्री महिला गृह उद्योग' झाले. त्यांच्या यशाचे मर्म त्यांच्या रीतीत आहे. पीठ केंद्रावर मळले जाते. बहिणी सकाळी ते मोजून घरी नेतात, सवडीने लाटतात आणि वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी परत आणून देतात. वजन होते, पारख होते आणि लाटणावळ मिळते. उडीद आणायला बाजारात जाणे नको की दुकानदाराची मनधरणी नको. शिवाय लाटणारी ही नोकर नव्हे, संस्थेची भागीदार असते. आज अशा सुमारे ४५ हजार बहिणी आहेत. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

चारांपैकी तीन गोष्टी अशा रीतीने सुटल्या. चौथी मात्र, म्हणजे मुलाची, आईच्याच पदरात राहिली. मजुरी कामाच्या मापावर असली की मूल आजारी पडल्याचा दिवस कोरडा जातो, आणि राहिलेले काम ती रात्री झोप मोडून पुरे करते. २०१७ च्या कायद्याने पगारदार आईची बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघराची सक्ती झाली. पण स्वयंपाकघर हाच जिचा कारखाना, तिने रजा कोणाकडे मागावी?

ही गोष्ट अहमदाबादेत इला भट्ट यांनी ओळखली. १९७२ साली त्यांनी स्थापन केलेल्या 'सेवा' या संघटनेने १९७४ साली कष्टकरी स्त्रियांची स्वतःची बँक काढली आणि मुलांसाठी बालवाड्याही चालवल्या. मूल सुरक्षित आहे अशी खात्री असली की आईचा हात कामावर अधिक वेळ टिकतो, हे तर कोणाही अनुभवी आजीला ठाऊक आहे.

मोठ्या संस्था आपले काम करतील. आपण आपल्या वाड्यापुरते, आळीपुरते एवढे करू शकतो. शेजारची सून भाजणीची पिशवी घेऊन दारी आली तर "घरचेच तर आहे" म्हणून भाव पाडू नये, आणि पैसे पुढच्या महिन्यावर न ढकलता तिथल्या तिथे द्यावेत. जमलेच तर तिचे मूल तासभर आपल्याकडे खेळू द्यावे.